गावात पहिलं साहित्य संमेलन भरवताना: पाहुणे लेखक, मांडव आणि बाकीची धावपळ

आमच्या गावच्या वाचनालयाने एक दिवसाचं साहित्य संमेलन भरवायला सुरुवात केली त्याला आता चार वर्षं झाली. मी तिथली ग्रंथपाल, त्यामुळे पत्रं लिहिण्यापासून ते कवींचे विसरलेले चष्मे शोधून देण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. पहिल्या वर्षी आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं, मोठी संमेलनं टीव्हीवर बघून जेवढं कळलं तेवढंच, आणि ते सगळंच्या सगळं आम्ही गावात करायला गेलो आणि तोंडघशी पडलो. आता आजूबाजूच्या गावांतून फोन येतात, ताई आम्हालाही करायचंय, कसं करायचं सांगा. दरवेळी तासभर तेच बोलण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

१८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पहिलं ग्रंथकार संमेलन झालं, तेव्हापासून संमेलन म्हटलं की आपल्याला आधी अध्यक्षाची खुर्ची दिसते. गावात ती असलीच पाहिजे असं काही नाही. आम्ही पहिली दोन वर्षं अध्यक्ष ठेवला, नंतर बंद केला, कोणाचं काही अडलं नाही.

१. तारीख आधी ठरवा

हॉल, लेखक, पैसे हे सगळं नंतर. आधी शेतीचं बघा. आमच्याकडे सोयाबीन आणि तूर, त्यामुळे दिवाळीच्या आधी कोणाला डोकं वर काढायला वेळ नसतो. डिसेंबर मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंतचा काळ आम्हाला बरा पडतो, ऊसपट्ट्यात तोडीचं गणित वेगळं असेल ते तुम्हाला माहीत. मग जत्रा, लग्नतिथी आणि आठवडी बाजार. बाजाराच्या दिवशी ठेवलं तर गर्दी आयती मिळेल असं आम्हाला वाटलं होतं, गर्दी आली पण ती बाजारातच राहिली.

फेब्रुवारीत बारावी-दहावीच्या परीक्षा सुरू होतात, मग शाळेचं ग्राउंड विसरा. २७ फेब्रुवारी म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, त्या दिवशी प्रत्येक कॉलेजला एक लेखक हवाच असतो, तुमच्या वाट्याला कोण येणार? १४ ते २८ जानेवारी भाषा संवर्धन पंधरवडा असतो, तेव्हाही लेखकांची पळापळ असते, पण कॉलेजं शक्यतो मधले वार घेतात, रविवार मोकळा मिळू शकतो.

निवडणूक जवळ आहे का तेही बघा. आचारसंहिता लागली की मग बॅनरवर छापलेले पुढाऱ्यांचे फोटो झाकायला गोणपाट शोधत फिरावं लागतं (आम्ही फिरलोय).

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी औदुंबरला दरवर्षी संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं, यंदा कधी आहे हे कोणाला विचारावंच लागत नाही. हे मला फार आवडतं. आम्ही जानेवारीचा दुसरा रविवार कायमचा धरलाय, आता लोक त्या हिशोबाने पाहुण्याला जायचं पुढेमागे करतात.

२. कागदपत्रं

ही यादी भिंतीला चिकटवा:

- ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र
- शाळेचं ग्राउंड आणि खोल्या वापरायची लेखी परवानगी (झेडपीची शाळा असेल तर मुख्याध्यापक तुम्हाला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवतात, म्हणून महिनाभर आधी जा)
- पोलीस स्टेशनची परवानगी, लाऊडस्पीकरची आणि दिंडीच्या मार्गाची, दोन्हीची
- महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज
- वर्गणी गोळा करणार असाल आणि संस्था नोंदणीकृत नसेल तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१क ची परवानगी, गणपती मंडळं घेतात तीच
- नंबर छापलेली पावती पुस्तकं, दोघांच्या सह्यांचं बँक खातं

प्रत्येक अर्जाची एक प्रत पोच घेऊन, म्हणजे शिक्का मारून, फाईलला लावा. "साहेबांनी हो म्हटलंय" याला काही अर्थ नसतो, साहेबाची बदली होते. आमची झाली, आदल्या आठवड्यात, आणि नवीन साहेबांना दाखवायला आमच्याकडे कागदच नव्हता.

गावात आधीच वाचनालय असेल तर सगळं त्याच्याच नावावर करा, नवीन मंडळ काढायच्या भानगडीत पडू नका. नवीन मंडळ म्हणजे नवीन अध्यक्ष, नवीन सचिव आणि जुनी भांडणं.

३. पैसे

पहिल्या वर्षी आमचं साधारण ऐंशी हजारात झालं, त्यातले निम्मे मांडव आणि जेवणातच गेले. शासकीय अनुदान मिळेल या भरवशावर पहिलं वर्ष काढू नका, मिळालं तर पुढच्या वर्षाला. रोख वर्गणीपेक्षा वस्तू मागा, लोक वस्तू हसत देतात. कोणी ज्वारी, कोणी तेलाचा डबा, आचारी मजुरी सोडतो, मांडववाला भाडं अर्धं करतो. पण दिलेल्याची नोंद करा, पावतीवर "ज्वारी ५० किलो" असं लिहून द्या. एकाच मोठ्या देणगीदारावर उभं राहिलात की कार्यक्रम त्याचा होतो, आणि मग त्याचा भाचा कविसंमेलनात चार कविता वाचतो.

४. लेखक कोण आणि कसे बोलवायचे

तीन पाहुणे पुरे. एक कथाकथन करणारा किंवा करणारी, जिच्यासमोर अख्खं गाव बसेल. एक आपल्या भागावर, शेतीवर, बोलीवर लिहिणारं माणूस. आणि एक मुलांसाठी लिहिणारं, त्यांना आदल्या दिवशी शनिवारी सकाळी शाळेतच आणा, रविवारच्या मांडवात मुलं बसत नाहीत आणि बसवली तर बिचारी नुसतीच बसतात.

टीव्हीवर दिसणारं नाव हवंच असा हट्ट कमिटीत एक जण तरी करतोच. त्याला विचारा की त्यांचं कुठलं पुस्तक वाचलंयस. बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो.

पद्धत अशी ठेवा. तीन महिने आधी फोन. फोनवरच पाच गोष्टी सांगायच्या: तारीख, विषय, किती मिनिटं बोलायचं, येण्याजाण्याची सोय कोण करणार, मानधन किती. "आपलं मानधन काय ते सांगा" असं म्हणून समोरच्याला अवघडवू नका, आकडा आपण सांगायचा, परवडत नसेल तर तेही स्पष्ट सांगायचं. आम्ही पहिल्या वर्षी तीन हजार आणि प्रवासखर्च एवढंच देऊ शकतो असं सांगितलं, दोघे हो म्हणाले, एकांनी नम्रपणे नाही म्हटलं, कोणाचा अपमान झाला नाही. मान म्हणून शाल-श्रीफळ द्या हो, पण शाल हे मानधन नाही. एका कवींच्या घरी मी गेले होते, त्यांच्याकडे शालींचं एक कपाटच आहे.

होकार आला की त्याच आठवड्यात लेखी पत्र पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नाही, नीट टाईप केलेलं. पंधरा दिवस आधी आठवण, दोन दिवस आधी पुन्हा फोन. आणि होकार यायच्या आधी पत्रिकेवर नाव छापू नका, ही चूक एवढी सर्रास होते की काय सांगू.

दोन नावं राखीव ठेवा आणि त्यांना तसं प्रामाणिकपणे सांगून ठेवा. २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय संमेलनाला खुद्द संमेलनाध्यक्ष जयंत नारळीकर तब्येतीमुळे येऊ शकले नव्हते, तिथे ही वेळ येते तर आपली काय कथा.

५. लेखकाच्या आधी त्याचं पुस्तक गावात आलं पाहिजे

हे मी सगळ्यात मोठ्ठं लिहिलं असतं. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे चुकलं तर मांडवात नुसत्या टाळ्या वाजतात आणि लोक जेवायची वाट बघतात.

पहिल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या लेखिकेने छान भाषण केलं, मग विचारलं, माझं काही वाचलंय का कोणी? चारशे माणसं आणि एकही हात वर नाही. मी खाली बघत बसले, कारण मी पण वाचलं नव्हतं. ग्रंथपाल असून.

दुसऱ्या वर्षीपासून असं करतो: पाहुणा ठरला की त्याच्या एका पुस्तकाच्या सहा प्रती विकत घ्यायच्या. विकत, फुकट मागायच्या नाहीत आणि झेरॉक्स तर अजिबात काढायच्या नाहीत, लेखकाला सन्मानाने बोलवायचं आणि त्याच्याच पोटावर पाय द्यायचा हे कसं चालेल? एक प्रत वाचनालयात, एक शाळेत मराठीच्या बाईंकडे, एक स्टँडजवळच्या सलूनमध्ये (इथे सगळ्यात जास्त वाचली जाते, नंबर लागेपर्यंत माणूस दुसरं करणार काय), एक भजनी मंडळात, दोन बचत गटात. बचत गटाच्या मीटिंगमध्ये हप्ते गोळा झाले की कोणीतरी एक गोष्ट मोठ्याने वाचायची, वीस मिनिटं. ज्यांना वाचता येत नाही त्यांचंही वाचून होतं.

यातून काय होतं ते सांगते. तिसऱ्या वर्षी एक कथाकार आले होते, चांगले नावाजलेले. भाषण झालं, प्रश्न विचारा म्हटलं, आणि मागून एक आजी उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला, माइक नको म्हणाल्या, तिथूनच म्हणाल्या, "त्या म्हशीच्या गोष्टीत ती बाई भर दुपारी धार काढती असं लिवलंय तुमी. दुपारी कोण धार काढतंय? अन् रेडकू सोडल्याबिगर म्हैस पान्हा घालती का?" मांडव हसला. लेखक पण हसले, पण त्यांनी खिशातून पेन काढला, समोरच्या कार्यक्रमपत्रिकेवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, आजी, पुढच्या आवृत्तीत संध्याकाळ करतो. आजी खाली बसता बसता म्हणाल्या, "अन् रेडकू आधी." मग पाऊण तास प्रश्न चालले, आवरता आवरेनात. जाताना त्यांनी मला सांगितलं की इतक्या वर्षांत अशी चूक कुणी काढून दिली नव्हती, आणि मला वाटतं त्यांना मानधनापेक्षा त्याचंच जास्त वाटलं.

प्रश्नांसाठी एक युक्ती: मांडवात चिठ्ठ्या आणि पेन्सिली फिरवा. माइक हातात दिला की प्रश्न राहतो बाजूला आणि त्या माणसाचं भाषण सुरू होतं. आजींसारखं कोणी उभंच राहिलं तर मात्र राहू द्या.

६. पाहुणा येताना, राहताना, जाताना

पत्ता पाठवताना तालुका आणि जिल्हा दोन्ही लिहा आणि मोबाईलवर लोकेशनही पाठवा. आपल्याकडे एकाच नावाची गावं किती! पिंपळगाव, वडगाव, खामगाव, मोजायला बसलात तर दमाल. आमचे एक कवी त्याच नावाच्या दुसऱ्या गावात उतरले, चाळीस किलोमीटर लांब, सकाळी साडेसहाला, तिथल्या चहावाल्याने त्यांना "संमेलन? इथं तर काय नाय" असं सांगितल्यावर त्यांचा फोन आला. तिथून त्यांना मोटरसायकलवर आणलं, थंडीत, कानाला माझ्या भावाचा मफलर.

न्यायला एकच माणूस नेमा, ज्याच्याकडे गाडी आहे आणि जो फोन उचलतो. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात सापडणं अवघड असतं, म्हणून लवकर शोधा.

लॉजपेक्षा घरी उतरवा. महाबळेश्वरजवळच्या भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं तेव्हा घराघरांत पुस्तकं ठेवली ना, तसं आपण लेखक ठेवायचे. पण घर निवडताना ओसरी किती मोठी आहे ते बघू नका, संडास बघा. आत कडी लागते का, दिवा आहे का, पाणी आहे का, आणि पाहुणे साठीच्या पुढचे असतील तर कमोड आहे का, गुडघे सगळ्यांचेच दुखतात. लेखिका येणार असतील तर घरात बाईमाणूस असलेलं घर, स्वतंत्र खोली आणि आरसा. हे सगळं मी आधी जाऊन स्वतः बघते, पुरुष मंडळी "आहे हो सगळं" म्हणतात आणि आतून कडी नसते.

जेवणाचं फोनवर विचारून घ्या: शुगर आहे का, तिखट चालतं का, रात्री किती वाजता जेवता. आमच्याकडे पाहुणचार म्हणजे तांबडा तवंग, एका ज्येष्ठ समीक्षकांना त्याने रात्रभर जागवलं.

आणि परतीचं. येताना सगळे न्यायला येतात, फुलं घेऊन येतात, जाताना कोणी नसतं. संध्याकाळी सातनंतर एसटी कधी आहे, रेल्वे स्टेशनला कोण सोडणार, हे सकाळीच ठरलेलं असू द्या. मानधनाचं पाकीट व्यासपीठावर द्यायचं नाही, आणि गाडीच्या खिडकीतून घाईघाईने कोंबायचं तर नाहीच. जेवण झाल्यावर शांतपणे, व्हाउचरवर सही घेऊन. पाकीट आदल्या रात्री भरून ठेवा, रविवारी बँक बंद असते आणि एटीएममध्ये पैसे नसतात.

७. मांडव, माइक, लाइट

व्यासपीठाचं तोंड पश्चिमेला करू नका, दुपारी तीननंतर पाहुण्यांच्या डोळ्यावर ऊन येतं आणि ते कपाळाला हात लावून बोलतात, फोटोत सगळे सलाम ठोकल्यासारखे दिसतात. पहाटे मैदानावर पाणी मारा. जनरेटर ठेवाच आणि तो मांडवापासून लांब ठेवा, नाहीतर कविता आणि डिझेल दोन्ही एकदम. माइकवाल्याला सांगा की लग्नाचा इको बंद. रात्री १० नंतर स्पीकर बंद हा कायदा आहे, म्हणून कार्यक्रम नऊलाच संपेल असा आखा, मग तो दहाला संपतो.

८. ग्रंथदिंडी

पालखी देवळाची वापरणार असाल तर पुजारी आणि ट्रस्ट दोघांना आधी विचारा. पालखीत ज्ञानेश्वरी, गाथा आणि संविधान ठेवतातच, आम्ही सोबत गावातल्या शाळेचं सगळ्यात जुनं हजेरीबुक ठेवतो, लोक वाकून त्यात आपल्या आजोबांचं नाव शोधतात.

मार्ग अर्ध्या तासाचा ठेवा. लेझीमच्या मुलींना निघायच्या आधी पोहे द्या, पाहुणे यायची वाट बघत त्यांना उन्हात ताटकळत ठेवू नका. एक मुलगी आमच्याकडे चक्कर येऊन पडली होती, त्या दिवसापासून दिंडी साडेसातला निघते म्हणजे निघते, मंत्री येवो न येवो.

९. उद्घाटन आणि कविसंमेलन

सगळा वेळ इथेच खर्ची पडतो. व्यासपीठावर सातपेक्षा जास्त खुर्च्या मांडू नका, खुर्ची मोकळी दिसली की माणूस येतो. सत्कार एकत्र उरका, हाराऐवजी एक पुस्तक. पुढाऱ्यांना उद्घाटनालाच बोलवा, मध्ये नको, ते आले की चाललेला कार्यक्रम थांबतो आणि बोलणारा लेखक बिचारा माइकसमोर उभा. सूत्रसंचालन करणाऱ्याला बजावून ठेवा की चारोळ्या कमी.

कविसंमेलनासाठी आमच्याकडे पहिल्या वर्षी ४७ नावं आली. सगळ्यांना घेतलं, रात्री शेवटच्या कवीसमोर मांडववाला आणि त्याची दोन पोरं एवढेच होते, तेही मांडव सोडायचा म्हणून. आता कविता आधी मागवतो, तिघे जण नावं झाकून निवडतात, वीस कवी, प्रत्येकी एक कविता, प्रस्तावना नाही. "एकच छोटीशी वाचतो" म्हणणारा तीन वाचतो हे गृहीत धरा. घंटीचा काही उपयोग होत नाही, सूत्रसंचालकाने उठून हसत हसत शेजारी जाऊन उभं राहायचं, याने काम होतं. पाहुण्या कवीला शेवटी ठेवा म्हणजे गावातले कवी आपलं वाचून घरी जात नाहीत.

ज्यांची निवड झाली नाही त्यांना आधी फोन करा, पत्रिकेवरून कळू देऊ नका. गाव छोटं असतं, रोज तोंड दाखवायचं असतं.

१०. पुस्तकांचे स्टॉल

दोन विक्रेते पुरेत. टेबल, सावली, बल्ब, सुट्टे पैसे, आणि मोबाईलला रेंज येते ती जागा, नाहीतर क्यूआर कोड नुसता शोभेचा. स्टॉल जेवणाच्या रांगेशेजारी लावा. आलेल्या पाहुण्यांची पुस्तकं असलीच पाहिजेत हे विक्रेत्याला महिनाभर आधी सांगा, भाषण ऐकून माणूस पुस्तक घ्यायला येतो आणि ते नसतं, यासारखं वाईट नाही.

११. संपल्यावर

आठ दिवसांत जमाखर्च ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा, ज्वारी-तेलासकट. पाहुण्यांना आभाराचं पत्र आणि चार चांगले फोटो पाठवा, चारशे नाही. पालखी परत केल्याची सही घ्या. राहिलेलं जेवण त्याच रात्री वाटा.

आणि मांडवाच्या खांबांचे खड्डे त्याच दिवशी बुजवून घ्या, मांडववाल्याचे शेवटचे पैसे त्यानंतरच द्या. पहिल्या वर्षी आम्ही विसरलो, सोमवारी प्रार्थनेला येताना चौथीतल्या एका पोराचा पाय खड्ड्यात गेला, मुरगळला. आता दरवर्षी ग्राउंडचा अर्ज घेऊन गेले की हेडमास्तर चष्म्यावरून बघतात आणि पत्र न उघडताच विचारतात, "खड्डे कोण बुजवणार, ते आधी लिहा."